युगान्ताची प्रतीक्षा आणि ख्रिस्ती जीवन

नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती पंचांगात ‘आगमनकाळ’ म्हणून पाळले जातात. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस, आणि उपासनावर्षाचा आरंभही त्याच दिवशी होतो. वसई असो वा गोवा, कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे असतात. बाजारात तोवर चांदण्या आणि गव्हाणीचे देखावे मांडले गेलेले असतात. त्या रविवारच्या शुभवर्तमानाच्या वाचनात मात्र बाळ येशूचा उल्लेखही नसतो. त्यात जगाच्या अंताचे वर्णन असते, अवचित परतणारा घरधनी असतो आणि चाकरांना जागे राहण्याची आज्ञा असते.

जन्मोत्सवाची तयारी जगाच्या शेवटापासून का सुरू व्हावी, असा प्रश्न अनेकांना पडतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूची आगमने दोन आहेत. एक बेथलेहेमात होऊन गेलेले आणि दुसरे काळाच्या शेवटी व्हावयाचे. आगमनकाळ या दोहोंचे स्मरण करतो, आणि श्रद्धावंत या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो. येथेच खरा पेच निर्माण होतो. सारे काही संपणारच असेल, तर आज शेत का नांगरावे, मुलाला शाळेत का घालावे, आजाऱ्याची शुश्रूषा का करावी? गेली जवळजवळ दोन हजार वर्षे ख्रिस्ती समाज या प्रश्नाला उत्तर देत आला आहे. त्यातील काही उत्तरांनी घरेदारे उद्ध्वस्त केली, तर काहींनी रुग्णालये उभारली.

शब्द आणि संकल्पना

‘शेवटचा’ या अर्थाच्या ‘एस्खातोस’ या ग्रीक शब्दावरून युगान्तविषयक विचाराला ‘एस्कॅटॉलॉजी’ हे नाव मिळाले. मृत्यू, पुनरुत्थान, न्याय, स्वर्ग व नरक हे त्याचे विषय होत. ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी ‘नव्या करारा’त ‘पारूसिया’ हा शब्द येतो. सम्राट किंवा त्याचा मोठा अधिकारी एखाद्या नगराला भेट देई, तेव्हा त्या आगमनाला हा शब्द वापरीत; मराठीत ‘स्वारी येणे’ म्हणतात तसाच हा प्रयोग. ‘अपोकालिप्सिस’ या शब्दाचा आज सर्वनाश असा अर्थ घेतला जात असला, तरी त्याचा मूळ अर्थ आहे पडदा दूर होणे. म्हणूनच बायबलमधील शेवटच्या ग्रंथाचे मराठी नाव ‘प्रकटीकरण’ असे आहे.

भारतीय परंपरेतील युगे व प्रलय चक्राकार गतीने फिरतात. कलियुगानंतर पुन्हा कृतयुग येते. ख्रिस्ती विचारात मात्र काळ एका रेषेत पुढे जातो. त्याला आरंभ एकच आणि अंतही एकच. त्यामुळे माणसाने आज केलेल्या किंवा टाळलेल्या कृतीला या विचारात फार मोठे वजन प्राप्त होते. निकाया (३२५) व कॉन्स्टॅन्टिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांशी निगडित असलेल्या श्रद्धाप्रकटनात, जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी ख्रिस्त पुन्हा येईल, हे वचन समाविष्ट आहे. जगभरातील बहुतेक ख्रिस्ती पंथ ते आजही उच्चारतात. येणार यावर एकमत आहे. वाद आहे तो केव्हा आणि कसा येणार याविषयी.

थेस्सलनीकाची अडचण

हा पेच पहिल्याच पिढीत उद्भवला. थेस्सलनीका हे रोमन साम्राज्यातील मॅसिडोनिया प्रांताचे मुख्य नगर. तेथील लहानशा ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने इ. स. ५०-५१ च्या सुमारास पत्र लिहिले. ‘नव्या करारा’तील उपलब्ध लिखाणांत बहुतेक अभ्यासक हेच सर्वांत जुने मानतात. म्हणजे ख्रिस्ती साहित्याचा प्रारंभच युगान्ताच्या चर्चेने झाला, असे म्हणता येईल. प्रभू लवकरच येणार या विश्वासाने जगणाऱ्या त्या मंडळीतील काही जण दरम्यान मरण पावले होते. त्यांचे काय होणार, या काळजीने मागे राहिलेले व्याकूळ झाले होते. मेलेल्यांनाही त्या दिवशी वाटा मिळेल, असा धीर पौल त्यांना देतो. तो दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल, हेही सांगतो. आणि लगोलग अगदी साध्या गोष्टींकडे वळतो : शांतपणे राहा, आपापला उद्योग करा, आपल्या हातांनी श्रम करा.

याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सूर अधिक कडक आहे. हे पत्र खुद्द पौलाचे की त्याच्या शिष्याचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्यातील तक्रार स्पष्ट आहे. काही माणसे कामधंदा सोडून इतरांच्या भाकरीवर जगत होती व नसत्या उठाठेवी करीत होती. काम करण्याची इच्छा नसणाऱ्याने जेवणाचीही अपेक्षा धरू नये, असे पत्रकर्ता त्यांना बजावतो. पौल स्वतः तंबू शिवण्याचा व्यवसाय करून पोट भरीत असे, त्यामुळे या उपदेशाला आचरणाचे पाठबळ होते.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात या शिकवणीची दुसरी बाजू दिसते. काळ थोडा उरला आहे, तेव्हा विकत घेणाऱ्याने आपल्यापाशी काहीच नसल्यासारखे राहावे, असे पौल तेथे सुचवितो. संसार सोडावयाचा नाही, पण त्यात गुंतूनही पडावयाचे नाही, अशी ही अलिप्तता आहे. याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानाचे भव्य विवेचन येते, आणि सोळाव्याच्या पहिल्याच ओळीपासून यरुशलेमेतील गरजूंसाठी गोळा करावयाच्या वर्गणीचा विषय सुरू होतो. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीनुसार काही बाजूला ठेवावे, ही त्यातील सूचना. पौलाच्या लेखी मृत्यूवरील अंतिम विजय आणि साप्ताहिक वर्गणी हे दोन वेगळे विषय नव्हते.

दाखल्यांतील शिकवण

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या व पंचविसाव्या अध्यायांत येशूच्या तोंडी युगान्ताविषयीचे मोठे प्रवचन आहे. तो दिवस व ती घटका पित्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, असे त्यात निक्षून सांगितले आहे. त्यानंतर एकामागून एक दाखले येतात. धन्याच्या गैरहजेरीत इतरांना वेळेवर अन्न देणारा चाकर शहाणा ठरतो, तर धनी उशीर करतो आहे असे पाहून सोबत्यांना मारहाण करणारा शिक्षेला पात्र होतो. दिव्यासाठी जादा तेल बाळगणाऱ्या कुमारी वराच्या मिरवणुकीत सामील होतात. बाकीच्यांना दार बंद होते. धन्याने सोपविलेले द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराची निर्भर्त्सना होते.

शेवटी न्यायाचे दृश्य येते. मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो, तशी माणसे वेगळी केली जातात. त्या वेळी भविष्याचे गणित कोणाला बरोबर सुटले, अशी विचारणा होत नाही. भुकेल्याला अन्न दिले काय, तहानलेल्याला पाणी दिले काय, परक्याला घरात घेतले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, आजाऱ्याची व तुरुंगातल्याची विचारपूस केली काय, एवढेच पाहिले जाते. कॅथलिक परंपरेतील दयेच्या कृत्यांची यादी प्रामुख्याने याच उताऱ्यावरून तयार झाली.

‘प्रकटीकरण’ हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरीस रचला गेला, असे सामान्यतः मानले जाते. सात शिक्के, चार घोडेस्वार, श्वापद व नवे यरुशलेम या त्यातील प्रतिमा सुपरिचित आहेत. या अद्भुत दृश्यांच्या आधी मात्र आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना उद्देशून सात पत्रे आहेत, हे अनेकदा विसरले जाते. एका मंडळीचे पहिले प्रेम निवाले आहे, दुसरी ना गरम ना थंड अशी कोमट झाली आहे, अशा त्या तक्रारी आहेत. श्वापद येण्याआधी ग्रंथकार वाचकाला स्वतःच्या आचरणाकडे पाहावयास लावतो.

तारखेचा मोह

घटका कोणालाही ठाऊक नाही, हे वचन समोर असूनही ती मोजण्याचा मोह प्रत्येक शतकात झाला. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस या लेखकाने दानीएलच्या ग्रंथावर भाष्य लिहिले. त्यात त्याने पोंतस प्रदेशातील एका मंडळीप्रमुखाची हकिगत नोंदविली आहे. वर्षभरात न्यायाचा दिवस येणार, असे या प्रमुखाने स्वप्नांच्या आधारे जाहीर केले. लोकांनी शेती सोडली आणि बहुतेकांनी मालमत्ता विकून टाकली. वर्ष उलटले, काहीच घडले नाही. कुमारिका लग्न करून मोकळ्या झाल्या, पुरुष पुन्हा शेतात गेले आणि ज्यांनी घाईने सारे विकले होते त्यांच्यावर भीक मागण्याची पाळी आली.

इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा जग बुडाल्याची भावना सर्वत्र पसरली. त्या पार्श्वभूमीवर संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ हा महाग्रंथ लिहिला. ‘प्रकटीकरणा’तील हजार वर्षांचे राज्य म्हणजे ख्रिस्तसभेचा चालू काळच होय, असा अर्थ त्यांनी लावला आणि युगान्ताची वर्षे मोजणाऱ्यांनी आता बोटांना विश्रांती द्यावी, असे सुचविले. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर या भूमिकेची छाप पुढे शतकानुशतके राहिली.

तरीही मोह सुटला नाही. १५३४ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर हे शहर पुनर्बाप्तिस्मावाद्यांच्या ताब्यात आले. त्या वर्षीच्या ईस्टरला न्यायाचा दिवस येईल, असे त्यांचा नेता यान मातिस याने भाकीत केले होते. ईस्टरच्याच दिवशी तो वेढा घालणाऱ्या सैन्यावर मोजक्या माणसांनिशी चालून गेला आणि मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या यान व्हान लायडन याने स्वतःला राजा घोषित केले. जून १५३५ मध्ये शहर पडले तेव्हा आत उपासमार माजली होती. देहान्ताची शिक्षा झालेल्या नेत्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली गेली, ते तेथील संत लँबर्ट चर्चच्या मनोऱ्यावर अजूनही पाहावयास मिळतात. या रक्तपातानंतर त्याच चळवळीतील मेनो सिमन्स यांनी अनुयायांना शस्त्रत्यागाचा मार्ग दाखविला. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे मेनोनाइट आजही शांततावादी म्हणून प्रसिद्ध आहेत.

‘महानिराशा’ आणि तिच्यानंतर

या इतिहासातील सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर (१७८२-१८४९) या शेतकऱ्याने दानीएलच्या ग्रंथातील २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे असे मानले आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजणी करून १८४३ च्या सुमारास ख्रिस्त येईल असा निष्कर्ष काढला. व्याख्याने, पत्रके व वृत्तपत्रे यांद्वारे ही वार्ता दूरवर गेली. मुदत टळल्यावर त्याच्या अनुयायांपैकी सॅम्युएल स्नो याने २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख सांगितली. काही शेतकऱ्यांनी त्या हंगामातील पीक शेतातच राहू दिले आणि काही दुकानदारांनी दुकाने बंद केली. २३ ऑक्टोबरची सकाळ नेहमीसारखी उजाडली. रात्रभर जागलेली माणसे ढसाढसा रडली. इतिहासात हा प्रसंग ‘महानिराशा’ म्हणून ओळखला जातो. मिलर यांनी चूक कबूल केली, पण पुनरागमनाची आशा अखेरपर्यंत सोडली नाही.

बहुतेकांनी ती चळवळ सोडली. उरलेल्यांपैकी एका गटातून १८६३ मध्ये ‘सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट’ हा पंथ संघटित झाला. पुनरागमन जवळ आहे हा विश्वास त्यांनी कायम ठेवला, मात्र तारीख ठरविणे सोडून दिले. तीनच वर्षांनी, १८६६ मध्ये, मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे त्यांनी आरोग्यसंस्था काढली. आज शहरी घरांतून न्याहारीला खाल्ले जाणारे कॉर्नफ्लेक्स हे तेथील आहारविषयक प्रयोगांचेच फलित. जगाचा अंत समीप मानणाऱ्या या पंथाने जगभर शाळा, महाविद्यालये व रुग्णालये यांचे जाळे विणले. पुणेकरांच्या परिचयाचे औंध परिसरातील स्पायसर विद्यापीठ हे त्याच पंथाचे होय. महानिराशेची राख झटकून उठलेल्या माणसांनी, वाट पाहण्याचा काळ रिकामा जाऊ द्यावयाचा नाही, असे जणू ठरविले होते.

दोन मते, दोन स्वभाव

हजार वर्षांच्या सुवर्णराज्याविषयी प्रोटेस्टंट जगात दोन प्रमुख मते आढळतात. ख्रिस्त या राज्याच्या शेवटी येईल, म्हणजे आधी जग सुधारत जाईल, हे पहिले मत. आधी जग बिघडत जाईल, ख्रिस्त येईल आणि मगच ते राज्य सुरू होईल, हे दुसरे. वरकरणी हा शब्दच्छल वाटला तरी त्याचे परिणाम व्यवहारात उमटले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पहिल्या मताचा जोर होता, आणि गुलामगिरीविरोध, दारूबंदी, शिक्षणप्रसार व परदेशी मिशन या चळवळींना त्याने बळ पुरविले. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच वातावरणातून आले होते. त्यांच्यातील गॉर्डन हॉल यांनी सॅम्युएल न्यूएल यांच्यासह १८१८ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगाला सुवार्ता ऐकविण्यासाठी किती माणसे लागतील याचा हिशेबच त्यात मांडला. या मिशनच्या मराठी शाळा, छापखाना आणि १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ यांची नोंद महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात आहेच.

दुसऱ्या मताला १८३० नंतर जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीने नवे रूप दिले. श्रद्धावंतांना संकटकाळापूर्वीच अंतराळात उचलून घेतले जाईल, ही कल्पना तेथून पसरली. बुडणाऱ्या जहाजाची डागडुजी कशाला, माणसे तेवढी वाचवावीत, असा निष्कर्ष काहींनी त्यातून काढला. तथापि हा नियम सर्वांना लागू पडत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये जे धार्मिक पुनरुज्जीवन घडले, त्याचा उल्लेख जागतिक पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात आवर्जून येतो. अशा घटनांकडे अनेक जण अंत्यकाळाची खूण म्हणून पाहत. मात्र त्या दिवसांतही मुक्तिसदनातील शेती, विणकाम, छापखाना व शाळा थांबल्या नाहीत. दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुली व विधवा तेथे शिकत होत्या, राबत होत्या आणि पंडिता रमाबाई १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या.

मेणबत्त्या आणा

१९ मे १७८० रोजी अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात भरदुपारी अंधार झाला. पक्षी घरट्यांत परतले, लोक चर्चकडे धावले. दूरच्या जंगलांतील वणव्यांचा धूर आभाळात साचल्याने हे घडले, हे आज कळते. तेव्हा मात्र न्यायाचा दिवस आला असेच अनेकांना वाटले. कनेक्टिकटच्या विधिमंडळात कामकाज थांबविण्याचा विचार सुरू झाला. एब्राहम डॅव्हनपोर्ट या सदस्याने त्याला विरोध केला. न्यायाचा दिवस आला नसेल तर काम थांबविण्याचे कारण नाही, आणि आला असेल तर आपण कर्तव्य करताना सापडावे, असे सांगून त्याने मेणबत्त्या मागविल्या. थेस्सलनीकाकरांना दिलेला उपदेश सतराशे वर्षांनी एका सभागृहात असा प्रत्यक्षात उतरला.

उद्या जग संपणार असले तरी आज सफरचंदाचे झाड लावीन, हा विचार मार्टिन लूथर यांच्या नावावर सर्रास खपविला जातो. त्यांच्या लिखाणात तो कोठेही आढळत नाही. त्याची ज्ञात असलेली पहिली लेखी नोंद १९४४ मधील, युद्धाने होरपळलेल्या जर्मनीतील आहे. त्याच काळातील डीट्रिख बोनहॉफर यांचे लेखन मात्र अस्सल आहे. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या या धर्मशास्त्रज्ञाने १९४२ च्या अखेरीस मित्रांसाठी एक टिपण लिहिले. उद्या न्यायाचा दिवस उजाडला, तर अधिक चांगल्या भविष्यासाठी चाललेले काम आपण आनंदाने खाली ठेवू, पण तोपर्यंत नाही, असा त्यातील आशय होता. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आली.

अल्बर्ट श्वाइट्झर यांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. येशूला स्वतःलाच युगान्त अगदी निकट वाटत होता आणि तो तसा आला नाही, असा श्रद्धावंतांना हादरविणारा सिद्धान्त त्यांनी १९०६ मधील ग्रंथात मांडला. या निष्कर्षानंतर धर्म सोडणे सोपे होते. श्वाइट्झर वैद्यक शिकले आणि १९१३ मध्ये आजच्या गॅबॉनमधील लांबारेने येथे रुग्णालय काढण्यास निघून गेले. पुढे त्यांना १९५२ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

आजचा संदर्भ

अमेरिकेतील धर्मोपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही न्यायाची तारीख जाहीर केली, तेव्हा काही अनुयायांनी आयुष्यभराची शिल्लक जाहिरातफलकांवर खर्च केल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. पोंतसमधील शेतकऱ्यांचीच ती आवृत्ती होती. मार्च २०१२ मध्ये कॅम्पिंग यांनी तारीख सांगणे हे पाप असल्याचे मान्य करून क्षमा मागितली.

दुसरीकडे, अणुयुद्ध व हवामानबदल यांमुळे जगाचा अंत हा विषय आता केवळ धर्मग्रंथांपुरता राहिलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या दस्तऐवजात, नव्या पृथ्वीच्या अपेक्षेने या पृथ्वीची काळजी घेण्याची वृत्ती मंदावू नये, उलट ती वाढावी, असे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक परिपत्र ‘लाउदातो सी’ (२०१५) हा त्याच विचाराचा विस्तार मानता येईल.

कॅथलिक वाचनक्रमानुसार उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी, तीन वर्षांतून एकदा, मेंढरे व शेरडे यांचा दाखला वाचला जातो. भुकेल्याला काय दिले, ही विचारणा करून ते वर्ष संपते. पुढच्याच रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि जागे राहण्याची आज्ञा पुन्हा ऐकू येते. जागे राहणे म्हणजे नेमके काय करणे, हे ज्याने आदल्या रविवारी कान देऊन ऐकले असेल, त्याला तारीख विचारण्याची फारशी गरज उरत नाही.